पावसात वर येणाऱ्या गांडुळांवर मीठ-पावडर मारू नका: मुंबईतल्या सोसायटी कमिट्यांना खुलं पत्र

सन्माननीय चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार आणि सगळे कमिटी मेंबर्स,

कुठल्या एका सोसायटीचं नाव घेऊन हे लिहीत नाहीये, कारण थोड्याफार फरकाने सगळीकडे तेच चाललंय. जूनमध्ये पहिल्या दोन-चार दणदणीत सरी पडल्या की कंपाउंडमध्ये, पार्किंगमध्ये, जिन्याच्या पहिल्या पायरीपर्यंत गांडुळं दिसायला लागतात, मग व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो येतात, "ईई काय घाण आहे", "मुलं खेळतात तिथे, कमिटी काय करतेय", आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉचमन ब्लीचिंग पावडरची पिशवी घेऊन फिरत असतो. आमच्याकडेही मागच्या पावसाळ्यात जाडं मीठ आणि पावडर दोन्ही टाकलं, तेही थेट बकुळीच्या बुंध्यापाशी. तुमची अडचण कळते मला. पगार नाही, मानधन नाही, लोकांच्या तक्रारी मात्र रोजच्या, आणि काहीतरी केलंय हे दाखवावं लागतं. तरीपण हे एक काम थांबवा अशी हात जोडून विनंती करायला लिहितेय. मी ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, गांडूळ शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेलीत, त्यामुळे जरा सविस्तर लिहिणार आहे, पण वाचा प्लीज.

सगळ्यात आधी भीतीचं बोलू, कारण ग्रुपवर खरा मुद्दा तोच असतो. गांडूळ चावत नाही, त्याला दात नाहीत, नांगी नाही, विष नाही. लहान मुलांच्या पोटात जे जंत होतात ते पूर्णपणे वेगळे प्राणी, त्यांचा आणि गांडुळाचा काहीही संबंध नाही, अंगणात गांडुळं आहेत म्हणून पोरांना जंत होत नाहीत. मुलाने गांडूळ हातात घेतलं तर मातीत खेळून आल्यावर धुतो तसे हात साबणाने धुवायचे, संपला विषय.

आता ती वर का येतात. गांडुळाला फुप्फुसं नसतात, कल्लेही नसतात. सगळा श्वास कातडीतून. हवेतला ऑक्सिजन कातडीवरच्या ओलाव्यात विरघळतो आणि तिथून रक्तात जातो, त्याच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, फक्त ते पेशींमध्ये नसून रक्तद्रवात मोकळं असतं. म्हणजे कातडी सुकली की श्वास बंद. म्हणून ते उन्हाळाभर खाली राहतं, काही जाती तर खोल मातीत चिकट पदार्थाने सारवलेली छोटीशी खोली करून त्यात अंगाची गाठ मारून पडून राहतात, पाऊस येईपर्यंत. मग आपल्याकडचा पाऊस येतो, जो भुरभुर येतच नाही, एकदम कोसळतो, आणि मातीतल्या सगळ्या फटी पाण्याने भरतात. पाण्यातून ऑक्सिजन हवेपेक्षा साधारण दहा हजार पट सावकाश पसरतो, त्यात आपल्याकडचं पाणी कोमट, कोमट पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी विरघळतो आणि उबेत गांडुळाची गरज मात्र वाढलेली असते. काही जाती पाण्याखाली बरेच दिवस काढू शकतात, त्यामुळे गुदमरणं हे एकच कारण नसावं, ओल्या जमिनीवरून लांबचा पल्ला मारता येतो हेही कारण सांगतात आणि पावसाच्या थेंबांच्या कंपनाचंही सांगतात. पण तुमच्या पार्किंगमध्ये जे गांडूळ दिसतं त्याच्यासाठी गोष्ट साधी आहे, ते मातीतून निघालं, परत मातीत जायचंय आणि चारी बाजूंना पेव्हर ब्लॉक आहेत. सकाळी पाऊस थांबून ऊन पडलं की संपलं, कारण त्याला उन्हातले अतिनील किरणसुद्धा सोसत नाहीत.

अशा ओल्या, उघड्या कातडीवर मीठ पडलं की काय होतं ते एकदा डोळ्यासमोर आणा. मीठ त्याच्या अंगातलं पाणी बाहेर ओढतं, ते पिळवटतं, अंगातून चिकट द्रव सोडत राहतं आणि तडफडून मरतं. ब्लीचिंग पावडर तर कातडी जाळते, आणि पावसाच्या पाण्याबरोबर मातीत उतरून तिथले जिवाणू आणि बुरशीही मारते, म्हणजे ज्या मातीवर तुमची झाडं उभी आहेत तीच आपण आपल्या हाताने निर्जीव करतोय, आणि वर त्याचं बिल मेंटेनन्समध्ये लावतोय.

मी मुलांना एक गोष्ट करायला लावते, तुम्हीही करून बघा. एक मोठं गांडूळ हळूच उचलून कोऱ्या कागदावर ठेवायचं, पंखा बंद करायचा आणि कान जवळ न्यायचा. खरखर ऐकू येते. एवढ्या मऊ लिबलिबीत दिसणाऱ्या प्राण्याची खरखर कशी, तर त्याच्या जवळजवळ प्रत्येक वलयाभोवती बारीक टोकदार केस असतात, डोळ्याला दिसत नाहीत पण बोटाला लागतात. पुढचा भाग लांब करायचा, केसांनी जमीन पकडायची, मागचा भाग ओढून घ्यायचा, असं ते चालतं. गोल स्नायू आवळले की अंग लांब आणि बारीक होतं, उभे स्नायू आवळले की आखूड आणि जाड. हाडं नाहीत, अंगात भरलेल्या द्रवाच्या दाबावर सगळा जोर. ह्याच जोरावर ते घट्ट मातीत शिरतं, आणि जिथे शिरता येत नाही तिथे माती खात खात पुढे जातं.

खाणं हाच त्याचा खरा उद्योग. कुजलेली पानं, मेलेली मुळं, शेण आणि त्याबरोबर माती असं सगळं तोंडात घेतं, दात नसल्यामुळे पेषणीत, म्हणजे जाड स्नायूंच्या पिशवीत, ते मातीच्या कणांबरोबर दळलं जातं, पुढे आतड्यात जिवाणूंच्या मदतीने पचतं आणि मागून जे बाहेर पडतं ती त्याची विष्ठा. पावसाळ्यात झाडाखाली सकाळी बघा, शेवेच्या चुऱ्यासारखे ओल्या मातीचे बारीक बारीक ढीग दिसतील, तेच ते. ती साधी माती राहिलेली नसते, नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश झाडाच्या मुळांना सहज घेता येईल अशा रूपात असतात, आणि कण एकमेकांना असे चिकटलेले असतात की मधे हवाही राहते आणि ओलही. आपल्याकडे स्वीपर ते ढीग घाण म्हणून झाडून गटारात ढकलतो आणि पुढच्या महिन्यात आपण नर्सरीतून खताची गोणी आणतो!

चार्ल्स डार्विनने आयुष्यातलं शेवटचं पुस्तक, १८८१ साली, गांडुळांवर लिहिलं, उत्क्रांतीवाला तोच डार्विन. त्याने १८४२ मध्ये आपल्या घराजवळच्या एका शेतात खडूचे तुकडे पसरून ठेवले आणि २९ वर्षांनी, १८७१ मध्ये तिथे चर खणला, तर ते तुकडे सुमारे ७ इंच खाली गेलेले. कोणी पुरले नव्हते, गांडुळांनी खालची माती वर आणून आणून टाकली होती. त्याचा हिशोब असा होता की तिथल्या कितीतरी भागात एका एकरात वर्षाला १० टनांहून जास्त माती गांडुळांच्या पोटातून जाऊन वर येते. हा इंग्लंडमधला आकडा, आपल्या सोसायटीच्या बागेला तसाच्या तसा लावू नका, पण काम तेच आहे. गांडुळांना ऐकू येतं का हे बघायला त्याने घरच्यांकडून पियानो आणि बासून नावाचं फुंकून वाजवायचं वाद्य वाजवून घेतलं, ढिम्म हलली नाहीत, पण कुंड्या पियानोवरच ठेवून सूर वाजवल्यावर झटकन बिळात गेली. म्हणजे कान नाहीत, पण कंपन लगेच कळतं. डोळेही नाहीत, कातडीतच उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात.

आपल्यात एक समज घट्ट बसलाय, गांडुळाचे दोन तुकडे केले की दोन गांडुळं होतात. होत नाहीत. काही जातींमध्ये डोक्याकडचा तुकडा पुरेसा लांब असेल तर शेपटी परत वाढते, शेपटीकडचा तुकडा थोडा वेळ वळवळतो आणि बहुतेक वेळा मरतो. माळीदादांना हे आवर्जून सांगा, कारण "काही नाही होत मॅडम, दोन होतात" म्हणून फावड्याने कापत जाणारे मी पाहिलेत. पिल्लं होण्याची पद्धत वेगळीच आहे. प्रत्येक गांडूळ नर आणि मादी दोन्ही असतं, तरीही सहसा दोन गांडुळं उलटसुलट चिकटून एकमेकांना शुक्राणू देतात. अंगावर जो ठळक पट्टा दिसतो, आपल्या पुस्तकातल्या फेरेटिमा नावाच्या गांडुळात १४ ते १६ व्या वलयावर, त्यातून एक कडं तयार होतं, गांडूळ त्यातून मागे सरकत सरकत बाहेर पडतं, जाताना त्यात अंडी आणि साठवलेले शुक्राणू पडतात आणि कडं दोन्ही टोकांनी बंद होऊन छोटा कोश बनतो. काही मिलिमीटरचा कोश तो, ओल्या मातीत पडून राहतो. माती तापली, पावडरने माखली किंवा काँक्रीटखाली गेली की पुढची पिढीही गेली.

आता मुंबईचं. आपल्या सोसायट्यांमध्ये जमीन राहिलीय किती? आधी आरजीच्या, म्हणजे खेळण्या-बागेसाठी राखलेल्या मोकळ्या जागेच्या, अर्ध्या भागात पार्किंग, मग चिखल होतो म्हणून पेव्हर ब्लॉक, मग झाडांच्या बुंध्याला चिकटून सिमेंटचा कट्टा, म्हाताऱ्या माणसांना बसायला. बुंध्याला सिमेंट भिडवलं की मुळांपर्यंत पाणी आणि हवा पोचत नाही, गांडूळ तिथे राहूच शकत नाही, आणि गांडूळ नाही म्हणजे माती मोकळी करणारं कोणी नाही. पालिकेनेसुद्धा अलीकडच्या काही वर्षांत रस्त्यावरच्या झाडांभोवतीचं काँक्रीट फोडून काढायच्या मोहिमा घेतल्या, त्या उगाच नाही. गांडुळांची बिळं म्हणजे जमिनीत पाणी उतरायच्या वाटा, मुळंसुद्धा त्याच वाटांनी खाली जातात. कोणी असं म्हणत नाहीये की गांडुळं असती तर २६ जुलै २००५ चा पूर आला नसता, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडल्यावर कुठलीच माती पुरी पडत नाही. पण रोजच्या ४०-५० मिलिमीटरच्या पावसाला गेटपाशी जे तळं होतं आणि ज्याच्यासाठी आपण दरवर्षी पंपाचं भाडं भरतो, त्यात आपण स्वतः झाकून टाकलेल्या जमिनीचा वाटा आहे हे कमिटीने मान्य करायला हवं.

शेतीचं महत्त्व तर सांगायलाच नको, तरी दोन आकडे देते कारण मीटिंगमध्ये आकडे लागतात. २०१४ मध्ये जगभरच्या प्रयोगांचा एकत्र अभ्यास झाला, त्यात गांडुळं असलेल्या मातीत पिकाचं उत्पन्न सरासरी २५ टक्के जास्त निघालं, मुख्यतः पाल्यापाचोळ्यात अडकलेला नायट्रोजन ती मोकळा करतात म्हणून, आणि वरून नायट्रोजनचं खत भरपूर ओतलं की हा फायदा दिसेनासा होतो. २०२३ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने जगातल्या एकूण धान्य उत्पादनात गांडुळांचा वाटा सुमारे साडेसहा टक्के काढला. आपण मुंबईत भात लावत नाही, पण कढीपत्ता, जास्वंद, तगर, कडुलिंब, नारळ आहेतच की.

मला माहितीये बऱ्याच कमिट्या इथे म्हणतील, आम्ही गांडूळखताचा प्रकल्प केलाय, आमच्याकडे गांडुळं आहेत. फार चांगलं केलंत, मनापासून. २०१७ पासून पालिकेने २० हजार चौरस मीटरच्या वरच्या किंवा रोज १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणाऱ्या सोसायट्यांना ओला कचरा आवारातच जिरवायला सांगितलं तेव्हा कित्येकांनी खड्डे केले, आणि देवनारचं डम्पिंग १९२७ पासून कसं वाढत गेलं आणि जानेवारी २०१६ मध्ये तिथल्या आगीचा धूर कुठवर गेला हे आठवलं की ते काम किती मोलाचं आहे ते कळतं. पण खड्ड्यातली गांडुळं आणि जमिनीतली गांडुळं वेगळी, हे नीट समजून घ्या. खतासाठी विकत मिळतात ती बहुतेक आयसेनिया फेटिडा, मूळची युरोपची, नाहीतर युड्रिलस युजेनी, मूळची आफ्रिकेतली. आपली देशी पेरिओनिक्स एक्सकॅव्हॅटस पण वापरतात. ही सगळी वरवर, कुजणाऱ्या कचऱ्यात राहणारी, बिळं खणून खोल जाणारी नाहीत. गांडुळांचा हा एक गट, दुसरा गट मातीतच आडवी बिळं करत माती खाणारा आणि तिसरा उभी खोल बिळं करून वरची पानं आत ओढून नेणारा. मातीत हवा-पाणी खेळवायचं काम मुख्यतः ह्या दोन गटांचं. तेव्हा खड्ड्यातली लाल गांडुळं आणून कोरड्या लाल मातीत सोडली तर ती मरतात, फुकट जातात.

आणि कृपा करून विकत आणलेली गांडुळं नॅशनल पार्कात किंवा आरेमध्ये "निसर्गाला मदत" म्हणून सोडू नका. भारतात गांडुळांच्या चारशेहून जास्त जाती आहेत, त्यातल्या कितीतरी इथल्याच, दुसरीकडे कुठे नाहीत. बाहेरची जात चुकीच्या जागी किती नुकसान करते ते उत्तर अमेरिकेत दिसतं, तिथल्या उत्तरेकडच्या जंगलांमध्ये हिमयुगानंतर गांडुळंच नव्हती, माणसांबरोबर युरोप-आशियातली पोचली आणि जमिनीवरचा पाल्याचा जाड थर इतक्या भराभर फस्त केला की त्या थरावर जगणारी रोपं आणि प्राणी अडचणीत आले. गांडूळ सगळीकडे चांगलंच असं नसतं. ज्या मातीत जे असायला हवं ते तिथे जगू द्यायचं, एवढंच मागतेय.

त्याच्यावर कोण कोण जगतं तेही बघा. गवत कापल्यावर मागे मागे चालणाऱ्या साळुंक्या आणि गायबगळे, सकाळचा दयाळ, बेडूक, चिचुंद्री. मे-जूनमध्ये नॅशनल पार्कात येणारा नवरंग, जो पालापाचोळा उलटून गांडुळं-किडे खातो आणि ज्याचे फोटो तुम्हीच ग्रुपवर कौतुकाने फॉरवर्ड करता.

जाता जाता वाळा नावाच्या छोट्या सापाबद्दल, कारण दर पावसाळ्यात तोही फुकट मरतो. बाथरूमच्या जाळीतून किंवा कुंडीखालून काळपट, चकचकीत, चार-सहा इंचांचा, भराभर नागमोडी पळणारा जीव निघतो, कोणी गांडूळ म्हणून चिरडतं, कोणी सापाचं पिल्लू म्हणून. तो वाळा, बिनविषारी साप, जगातल्या सगळ्यात छोट्या सापांपैकी. अंगावर वलयं नाहीत, खवले आहेत, बारीक जीभ बाहेर काढतो. मुंग्यांची आणि वाळवीची अंडी-अळ्या खातो, ज्या वाळवीसाठी आपण वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट देतो. ह्या जातीत सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय अंडी घालतात. सुपलीवर घेऊन बागेत सोडला की झालं.

आता करायचं काय ते सांगते, खर्च जवळजवळ नाही. ब्लीचिंग पावडर आणि मीठ मातीवर आणि झाडांजवळ टाकणं आजपासून बंद, संडास-गटारापुरतं ठेवा. पार्किंगमध्ये गांडुळं आली तर स्वीपरला सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, मऊ झाडूने सुपलीत भरून जवळच्या झाडाखाली टाकायला सांगा, पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्याला ते का करायचं हेही सांगा, नुसता हुकूम नको. पडलेली पानं जाळू नका, कायद्यानेही बंदी आहे, आणि सगळी उचलून कचरागाडीतही भरू नका, रस्ता-पॅसेज झाडून घ्या पण झाडाखाली दोन-तीन इंचांचा थर राहू द्या, तेच त्यांचं अन्न आणि तेच उन्हाळ्यातलं पांघरूण. डासांची भीती वाटत असेल तर पाणी साचणारी झाकणं, टायर, कुंड्यांच्या बशा उचला, डास ओल्या पाल्यात अंडी घालत नाहीत, साठलेल्या पाण्यात घालतात. कुंड्यांमध्ये कोणी थिमेट नावाचं जुनं कीटकनाशक टाकत असेल तर थांबवा, फोरेट ते, २०२० च्या शेवटी देशात बंद झालंय आणि गांडुळांना भयंकर विषारी आहे. तांब्याची बुरशीनाशकं दरवर्षी मारली तर तांबं मातीत साठत जातं, तेही गांडुळांना सोसत नाही, गरज असेल तेव्हाच आणि पानांपुरतंच. झाडांचे सिमेंटचे कट्टे निदान चारी बाजूंनी मीटरभर मोकळे करा, म्हाताऱ्यांसाठी बाक जरा बाजूला ठेवता येतो, आमच्या आजोबा मंडळींनी ह्याला कधी नाही म्हटलेलं मला तरी आठवत नाही.

आणि नवीन पेव्हर ब्लॉकचं कोटेशन आलेलं असेल, बऱ्याच ठिकाणी दिवाळीच्या आधी येतंच, तर सही करण्यापूर्वी एवढं करा, माळी आणि एक-दोन मेंबर्सना घेऊन त्या जागेवर फूटभर लांब-रुंद आणि फूटभर खोल खड्डा करा, माती ताडपत्रीवर पसरून हाताने मोकळी करा आणि किती गांडुळं निघतात ते मोजा. पाऊस चालू असतानाच करा, उन्हाळ्यात केलंत तर ती खोल गेलेली असतात आणि जमीन रिकामी वाटेल. मोजून झालं की माती आणि गांडुळं परत त्याच खड्ड्यात. तो आकडा एजीएमच्या नोटिशीत कोटेशनच्या खाली लिहा आणि मग मतदान घ्या. कोणाला हे करताना मदत हवी असेल तर माझे बारावीचे विद्यार्थी रविवारी सकाळी यायला तयार आहेत, फावडं तेवढं तुमचं लागेल.

आपली,
एक सभासद आणि शिक्षिका,
गोरेगाव पूर्व